काचेमागची पिल्लं

जुईनगर, नवी मुंबई
२५ एप्रिल १९९४

ती. आबांना,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

अंडी पोचली. साठांतली दोनच फुटली, तीही इथे उतरवताना माझ्या हातून. भैरूतात्यांनी टोपली बटाट्याच्या पोत्यांवर न टाकता ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी ठेवून आणली, वर स्वतःचं उपरणं बांधलं होतं. वाशी मार्केटमधून शाळेपर्यंत रिक्षाने आणताना मी रिक्षावाल्याला इतक्या वेळा हळू म्हटलं, की शेवटी तो म्हणाला, बाई, तुम्हीच चालवा.

तुम्ही विचारलं होतं की शहरात हे खूळ कोणाचं. खूळ आमच्या मुख्याध्यापकांचं, कमळाकर सरांचं. इथले रहिवासी आणि आमची शाळा मिळून दरवर्षी मे महिन्यात मैदानात जत्रा भरवतात. पाळणे, भेळ, नेमबाजी, नेहमीचंच. यंदा सरांना मुलांनी काही शिकावं असं हवं होतं. आमच्या वर्गातली मुलं अंडं म्हणजे दुकानातला जिन्नस समजतात. स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या आबांकडे पुसेगावला चाळीस गावठी कोंबड्या आहेत. मग काय, पिल्लं लोकांच्या डोळ्यांदेखत काढायची जबाबदारी माझ्यावरच आली.

पेटी मात्र बघण्यासारखी झाली आहे. शाळेत वामन म्हणून वायरमन आहे, इथल्याच जुईगावचा. त्यांची शेतं या कॉलनीत आणि रेल्वेत गेली. मिठाईवाल्याचं जुनं काचेचं कपाट आणून त्याने त्यात बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याचा ट्रे असं सगळं बसवलं. चार वर्षं तो हंगामी आहे, जूनमध्ये कायम व्हायची ऑर्डर निघणार आहे. माझीही प्रोबेशनची दोन वर्षं जूनलाच पुरी होतात. त्यामुळे आम्ही दोघंही जूनकडे डोळे लावून बसलोय.

काल रविवारी संध्याकाळी अंडी पेटीत ठेवली. एकविसावा दिवस १५ मे, नेमका जत्रेचा शेवटचा दिवस. काळी कोंबडी माझ्या नावाने ओरडत असेल, तिला सांगा की लेकरं चांगल्या घरी आहेत.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना? लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या. दोन ओळींवर भागवू नका.

तुमची,
राजेश्वरी

•

पुसेगाव
१ मे १९९४

चि. राजेश्वरी हिस,
आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोन अंडी फुटल्याचे आईस सांगितले नाही, साठची साठ पोचली असे सांगितले. तिने ती एकेक पुसून दिली होती.

तू बी.एस्सी. झालीस, मी गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षे पट्टीबंधक होतो. पुस्तकातले तुला ठाऊक, हातातले मी सांगतो. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून बघ, शिरा दिसत नाहीत ती काढून टाक. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, दार उघडायचे नाही. पिल्लू आतून चोच मारते, भोक पडते आणि मग ते तास न् तास काहीच करीत नाही. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. वाटते, मदत करावी. करायची नाही. ते आत बसून उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्याला घाई केली की ते मरते. तुझी आजी तर खुडूक कोंबडीजवळ कुणाला मोठ्याने बोलूसुद्धा देत नसे, आणि तू जत्रेत नेऊन मांडणार!

वामनला माझा नमस्कार सांग. कपाटाला वर वारा जायला भोके ठेवली आहेत का, विचार.

आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरे आहे. काळी कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसली आहे, तुझी आठवण काढीत नाही. जिवाला जप.

आशीर्वाद,
मानसिंग

•

जुईनगर
१७ मे १९९४

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधीच लिहून टाकते. पिल्लं गेली. सात अंडी पोकळ निघाली होती, एक्कावन्न उरली होती. त्यांतली नऊच जगली. रविवारी दुपारी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि पेटी तापली. जत्रेचं वायरिंग वामनकडेच होतं. आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पुष्कळ माणसं होती, लहान मुलं होती. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही. आईला तुम्हीच सांगा.

माझी प्रकृती बरी आहे. उत्तराची घाई नाही.

राजेश्वरी

•

पुसेगाव
२१ मे १९९४

चि. राजेश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तू एवढी त्रोटक कधी लिहीत नाहीस, त्यावरून काय झाले असेल ते समजलो. आईला सकाळी सांगितले. संध्याकाळी म्हणाली की अंड्यांचे काय, पोरगी जेवते का ते विचारा.

तुझा यात दोष नाही. एकवीस दिवस तू जपलेस, शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने गेले. मला त्या वायरमनचा फार राग आला. मी माणसाला नमस्कार सांगून पाठवतो आणि त्याला तारा धड जोडता येत नाहीत! काल दुपारी बसलो आणि कमळाकर सरांना सविस्तर पत्र लिहिले. पेटीची उष्णता किती नाजूक असते, एक माणूस बेफिकीर राहिला तर काय होते, हे माझ्या तीस वर्षांच्या अनुभवावरून मांडले. तुझ्या माथी ठपका येऊ नये, एवढाच हेतू. कालच्या टपालाने ते गेले.

मन घट्ट कर. काळ्या कोंबडीची अकरा पिल्ले निघाली. सुट्टी शिल्लक असेल तर चार दिवस ये.

तुझ्याच बाजूचा,
आबा

•

जुईनगर
४ जून १९९४

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचायला बसाल तेव्हा एकटे बसा.

विजेचा दाब वाढला नव्हता. मी खोटं लिहिलं.

शनिवारी संध्याकाळी पहिल्या अंड्याला भोक पडलं. रविवारी सकाळी नऊ पिल्लं बाहेर आली आणि तीसेक अंड्यांना भोकं पडलेली. काचेपुढे अशी गर्दी की दोरी बांधावी लागली. मुलं अंड्यांना नावं देत होती, आतल्या पिल्लाने कवच हलवलं की टाळ्या वाजवत होती. नऊ पिल्लांनंतर मात्र सगळं थांबलं. तुम्ही लिहिलं होतं ना, तास न् तास काहीच करत नाहीत, तसंच. दोन वाजता कमळाकर सर आले. म्हणाले, सहा वाजता पाहुणे येणार, फोटोवाला येणार, तोवर चारदोन पिल्लं निघतील असं काही करता येईल का? मी म्हणाले, बघते.

आबा, तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. तरी मी थर्मोस्टॅटचं बटण पुढे फिरवलं. थोडी ऊब वाढली तर लवकर फुटतील असं वाटलं. अर्ध्या तासात मागे घेणार होते. तेवढ्यात सरांनी स्वागताच्या तयारीला बोलावलं, मग मुलींचं गाणं बसवायला. मला आठवण होती, आबा. विसरले असं म्हणायची सोय नाही. अडीचला आठवण होती, सव्वातीनला होती. आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं, असं करत राहिले. मांडवाला वर पत्रे आणि मे महिन्याचं ऊन.

पाच वाजून गेल्यावर मुलांच्या ओरडण्याने धावले. वामन माझ्याआधी पोचला होता. पारा शंभरावर हवा, तो एकशे सहाच्या वर. भोकांतून चोची दिसत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या. त्याने दार उघडलं, ट्रेमध्ये पाणी ओतलं, आणि कोणाला दिसणार नाही असा आडवा उभा राहून बटण मागे घेतलं. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं. मग आम्ही दोघं नुसते उभे राहिलो आणि एकेक चोच थांबत गेली. एक छोटी मुलगी आईला विचारत होती की झोपली का सगळी, आणि तिची आई माझ्याकडे बघत होती.

सरांनी सगळ्यांसमोर वामनला विचारलं, वीज वाढली का रे? तो काही बोलला नाही, त्याने माझ्याकडे बघितलं. सरांनी मग मला विचारलं. मी म्हणाले, हो, वाढली असेल.

एवढंच बोलले. तुम्हाला लिहिलेलं खोटं त्यानंतरचं आहे, आणि ते लिहिताना मला त्रास झाला नाही, हे तुम्हाला कळायला हवं. हात सवयीने चालला.

परवा सरांनी मला ऑफिसात बोलावून तुमचं पत्र दाखवलं. तुमचं ते वळणदार अक्षर. त्यात तुम्ही लिहिलंय की अशा बेफिकीर माणसाला लहान मुलांच्या शाळेत ठेवणं बरोबर नाही. सरांनी ते कमिटीपुढे वाचून दाखवलं. जाणत्या माणसाचं मत म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. वामनला एक तारखेपासून येऊ नको म्हणून सांगितलं आहे. त्याच्या ऑर्डरचा कागद टाईप होऊन तयार होता, फक्त सही राहिली होती. सरांनी मला सांगितलं की माझी ऑर्डर तेरा तारखेला निघेल, आणि तुमच्यासारखे वडील मिळायला भाग्य लागतं.

मी तुमचं अक्षर बघत उभी होते आणि थँक यू सर म्हणाले.

लोभ ठेवा असं लिहिण्याची माझी पायरी नाही. तुम्हाला जे वाटेल ते लिहा, पण लिहा.

राजेश्वरी

•

पुसेगाव
९ जून १९९४

चि. राजेश्वरी,
आशीर्वाद. ते काढून घेण्याची माझी इच्छा नाही.

पत्र आईला वाचून दाखवायला बसलो. अर्ध्यावर थांबलो. पुढचे तिने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले. रात्री दोघांनीही भाकरी तशीच झाकून ठेवली.

तुला रागावून दोन पाने लिहिली होती, ती फाडली. कारण माझेही एक सांगायचे आहे आणि ते सांगितल्यावर रागवायला तोंड राहत नाही.

तुझे सतरा तारखेचे पत्र वाचताना मला शंका आली होती. मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे विजेचा दाब पडतो, वाढल्याचे मी क्वचितच पाहिले. शिवाय थर्मोस्टॅट बसवलेला असताना दाब वाढला तरी पेटी तेवढी तापायची नाही, बटण असते ते त्यासाठीच. एवढे मला कळते. दवाखान्यात लशींचा फ्रीज मी सांभाळला आहे. शंका आली आणि मी ती बाजूला सारली. पत्र लिहायला बसलो तेव्हा ती परत आली, तेव्हा मी अक्षर आणखी ठळक केले. मुलीवर ठपका येऊ नये म्हणून मी न पाहिलेल्या माणसाची रोजी घालवली. शिवाय त्याखाली तीस वर्षांची नोकरी लिहिली.

आता काय करायचे ते ऐक. आधी वामनकडे जा. मुख्याध्यापकांकडे नंतर. ज्याचे नुकसान झाले त्याला ते पहिल्यांदा तुझ्या तोंडून कळू दे, ऑफिसातून नको. तो काय बोलेल ते ऐकून घे, मधे रडू नकोस. रडलीस तर त्यालाच तुझी समजूत काढावी लागेल.

मीही कमळाकर सरांना दुसरे पत्र लिहीत आहे, पण तू सांगितल्याचे कळेपर्यंत टपालात टाकणार नाही. यावेळी तुझ्या आधी बोलणार नाही.

नोकरी जाईल असे आई म्हणते. जाईल. घरी चूल आहे.

आबा

•

जुईनगर
२६ जून १९९४

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

सरांना लिहिलेलं ते दुसरं पत्र लगेच टाका. मी सांगितलं.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी जुईगावात गेले. वामन घरी नव्हता. आता तो कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रकचं वायरिंग करतो, रोज मिळेल तसं. दारात त्याची आई सुमित्राबाई सुकट निवडत बसल्या होत्या. आमची नऊ पिल्लं त्यांच्याकडेच आहेत. वामनने जत्रेतून तीच घरी नेली. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि सूप पुढे ओढून पुन्हा निवडायला लागल्या. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, मना ठावं हाय, पोराने त्याच दिशी सांगितलं. मग विचारलं की शाळा तर रुळांच्या पलीकडंच हाय, तुला यायला इतकं दिस का लागलं?

आबा, पंधरा मिनिटांची वाट आहे.

वामन दिवेलागणीला आला. मी उभी राहूनच सगळं सांगितलं, रडले नाही. तो हाताचं ग्रीस पुसत ऐकत होता. त्याने एवढंच सांगितलं की जत्रेचे दिवे उतरवायला त्याला तीन दिवस लागले, तीनही दिवस तो वाट बघत होता की मॅडम येऊन काही बोलतील. मग म्हणाला की गावात त्याला आता पिल्लं भाजणारा म्हणतात. हे त्याने हसून सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. मला वाटलं होतं सर चिडतील. ते दार लावून घेऊन समजावायला लागले. म्हणाले, विषय मिटलाय, कोंबडीच्या पिल्लांचा तर विषय, तुमची ऑर्डर टेबलावर आहे, कशाला उकरून काढता? वामनच्या जागी दुसरा माणूस घेतलाय, तुम्ही बोललात तरी तो परत येणार नाही. चहा मागवला त्यांनी. आबा, मी तो चहा प्याले. पिताना एकदा वाटलंही की सर म्हणतात ते खरं असेल.

मग घरी येऊन सगळं कागदावर लिहिलं आणि कमिटीच्या सातही जणांच्या घरी नेऊन दिलं. गेल्या रविवारी मीटिंग झाली. मला उभं करून विचारलं, मी परत सांगितलं. त्या छोट्या मुलीची आईही समोर बसली होती; ती कमिटीवर आहे हे मला तिच्या घरी कागद देताना कळलं होतं.

माझी ऑर्डर निघणार नाही. महिनाअखेरीस माझा शेवटचा दिवस. वामनची जागा भरलीच आहे, ती रिकामी होणार नाही. त्याला शाळेच्या शिक्क्याचं एक पत्र मिळेल की घडल्या प्रकारात त्याचा काहीही दोष नव्हता. एवढंच मला मिळवता आलं.

मी घरी येत नाहीये, रागावू नका. दोन घरी शिकवण्या मिळाल्या आहेत. याच वस्तीत राहून तोंड दाखवायचं आहे.

आई जेवते का ते तुम्ही कळवा, या वेळी मी विचारते. तुमच्या मायेचा आधार आहे, तो असू द्या.

राजेश्वरी

•

जुईगाव
१५ जुलै १९९४

ती. मानसिंगकाका यांस,
वामनचा सा. न. वि. वि.

लिहायची सवय नाय, नववीपर्यंत शिकलोय. चुकलं तर समजून घ्या.

तुमी मागल्या रविवारी एवढ्या लांबून आलात. माझ्या आयेपुढं हात जोडलेत, मला म्हनालात की पोरा, मी तुला न बघता तुझी रोजी खाल्ली. तेव्हा मी काय बोललो नाय, नुसता उभा राहिलो. तुमाला वाटलं आसल मला राग हाय. तुमी एस्टीत बसलात तेव्हा आय मला म्हनाली की म्हातारा मानूस हात जोडून गेला आनि तू दगडासारखा उभा. म्हनून लिहितो.

शाळेचं पत्र मिळालं. त्यात लिहिलंय वामनचा काहीही दोष नव्हता. आयेने ते सगळ्या आळीला वाचायला लावलं. ज्याला वाचता येत नाय त्याला पन हातात दिलं. ते पत्र घेऊन गेलो तर नेरूळच्या एका मोठ्या सोसायटीत पंपाचं नि लिफ्टचं काम मिळालं. पयल्यापेक्षा बरं हाय. गावात आता कोन काय बोलत नाय.

पन काका, ते पत्र वाचताना माझी मान वर होत नाय.

त्या दिवशी मी तीन वाजता पेटीजवळ गेलतो. ट्रेमध्ये पानी घालायला, रोजच्यासारखा. पारा एकशे तीनवर व्हता. बटन पुढं फिरवलेलं मला दिसलं. मॅडमनेच फिरवलं हे पन समजलं, दुसरं कोन हात लावनार? मी मागं घ्यायला हात घातला व्हता. मग वाटलं, ती शिकलेली हाय, पुस्तकं वाचून केलं आसल, आपन वायरमन, उद्या म्हनतील वामनने बिघडवलं. जूनची ऑर्डर डोळ्यांपुढं व्हती. मी हात काढून घेतला. तेवढ्यात पाळन्याचे दिवे गेले म्हनून हाक आली, मी गेलो. दोन तास दिव्यांत राहिलो, पन मन पेटीतच व्हतं. तीनला मागं घेतलं असतं तर बरीच जगली असती. तुमाला जास्त ठावं.

म्हनून मी सरांपुढं गप्प बसलो. मॅडमला वाचवायला नाय. मी बोललो असतो की मॅडमने केलं, तर तिने इचारलं असतं की तू कुठं व्हतास. सगळे म्हनतात वामनने मोठ्या मनाने सोसलं. आय पन तेच सांगते. मी सोसलं नाय, मी लपलो.

मॅडमने सात घरी जाऊन सांगितलं. आमच्या दारात उभी राहून सांगितलं. तिची नोकरी गेली. तिला वाटतं सगळं तिच्याच हातून झालं, नि मी तिला ते वाटू देतोय, दोन महिनं झालं. तिने इचारलं व्हतं माफ करशील का, तर मी बघू म्हनालो. मी, बघू म्हनालो.

हे अजून कोनालाच ठावं नाय, आयेला पन नाय. पयलं तुमाला लिहिलं कारन तुमी माझ्यापुढं हात जोडलेत.

येत्या रविवारी आयेने मॅडमला जेवायला बोलावलंय. हे पत्र तुमच्या हातात पडंल तोवर रविवार होऊन जाईल. ताट वाढायच्या आधी सांगीन.

राग आला तरी उत्तर द्या, काका. काकींना नमस्कार.

तुमचा,
वामन